डावखुरं रीळ

मेट्टूरचं धरण उघडल्याची बातमी काल आमच्या यांनी कचेरीतून आणली, आणि आज सकाळी मी मागच्या ओसरीवर जुनं धोतर अंथरलं. हल्ली पाणी सरकारी हुकमानं येतं. आज सुटलं, अमक्या दिवशी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचेल, मग वेण्णार नदीला, मग आपल्या वडवारला, असं सगळं आधी छापून येतं. मी सून म्हणून तंजावुरात आले तेव्हा धरण नव्हतं. पाणी आपल्या मनानं यायचं. कुठे लांब कुर्गाच्या डोंगरात पाऊस व्हायचा आणि इथे डोक्यावर ऊन रणरणत असताना कोरड्या वाळूतून एके दिवशी पाणी सरपटत यायचं. पोरं त्याच्यापुढे उलटी चालत ओरडत सुटायची. सगळं गाव धावत काठावर जायचं आणि नदी पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्यानं उभं राहायचं.

त्या पाण्याच्या आधीचे दिवस मला आठवतात ते वासानं. कोणाला उन्हाळा म्हटलं की मोगरा आठवतो, कोणाला कैरी. मला घासलेट आठवतं. घासलेट, पितळ आणि उन्हात तापलेल्या धोतराच्या फडक्याचा वास. हा काही कोणी कवितेत घालण्यासारखा वास नव्हे, पण आज बाटलीचं बूच काढलं आणि ओसरीच्या त्या टोकाला आत्याबाई बसलेल्या दिसल्या. अगदी लख्ख दिसल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि एवढ्या दूर तंजावुरातही तेच म्हणतात, हे कळलं तेव्हा इथे आल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. बाकी सगळंच परकं होतं. इथली मराठी ऐकून वाटायचं, माझी पणजी तमिळ चालीवर बोलतेय. आल्यानंतर दोनचार दिवसांत मी दुपारची मागच्या ओसरीवर गेले, तर आत्याबाई पल्लांकुळी घेऊन एकट्याच बसलेल्या. पल्लांकुळी म्हणजे वाट्यांसारखे खळगे कोरलेला लाकडी पट. इथल्या बायका त्यात चिंचोके नाहीतर कवड्या टाकून खेळतात. मला वाटलं, बरं झालं, सासू खेळकर आहे. जवळ जाऊन बघते तर खळग्यांत चिंचोके नाहीत. एकात स्क्रू, एकात चाती, एकात छोटं दातेरी चाक, एकात पोलादी पट्टीची कमान. मांडीवर एक पितळी चकती, तिला हस्तिदंती मूठ.

"बस," त्या म्हणाल्या, "खेळ नव्हे हा. मामंजींचं रीळ आहे."

साताऱ्याला आम्ही मासे खात होतो, पण ते पकडायला यंत्र लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मामंजी, माझे सासरे, कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढायचे. तिथला एक इंजिनीअर साहेब विलायतेला परत जाताना आपली गळाची काठी आणि हे रीळ त्यांना देऊन गेला होता. काठीला खाली रीळ बसवायचं, त्यावर रेशमी दोरी गुंडाळायची. माशानं ओढलं की दोरी करकर करत सुटते, तो दमला की मूठ फिरवून आत घ्यायची. आत एक दातेरी चाक आणि त्याला टेकलेला चिमणीच्या चोचीएवढा खटका. दोरी बाहेर जाताना खटका दातांना अडतो म्हणून ती जड जाते, आत येताना हलकी येते. सगळी करामत एवढीच. पण ती दर वर्षी चालायला हवी तर दर वर्षी उघडायला हवी, आणि ते काम लग्न झाल्यापासून आत्याबाईंनी आपल्याकडे घेतलेलं होतं.

त्यांची पद्धत अशी. नदी आटली की दोरी पुरती उकलायची, गोड्या पाण्यात धुवायची, ओसरीच्या खांबांना वेढे देऊन सावलीत वाळवायची. वाळली की डोळे मिटून सबंध दोरी चिमटीतून सरकवायची. जिथे पीळ सुटलाय तिथे बोट थांबतं, तेवढा भाग कापायचा. मग रीळ उघडायचं. निघेल तो भाग पल्लांकुळीच्या पहिल्या खळग्यापासून पुढे ठेवत जायचा आणि बसवताना शेवटच्या खळग्यापासून मागे येत जायचं. मधे कोणी दार ठोठावलं, दूध उतू गेलं, तरी काही बिघडत नाही. पट तिथेच असतो. वडवारची वाळू पिठासारखी बारीक; ती घासलेटानं धुऊन, कडुलिंबाची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं दातादातांतून काढायची.

तेलाच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकत नसत, कारण सगळ्यांचं ऐकून झालं होतं. खोबरेल घातलं तर मार्गळीच्या थंडीत, आपल्या मार्गशीर्षात, ते पांढरं धरलं आणि रीळ रुसून बसलं. तिळाच्या तेलाचा चिकटा झाला. एरंडेल काही दिवस छान चाललं आणि मग काकवीसारखं ओढू लागलं. शेवटी शिंप्याच्या यंत्राचं तेल ठरलं. कोंबडीच्या पिसाच्या टोकानं आसावर एक थेंब, खटक्याला नुसता स्पर्श. माझा हात सढळ. पहिल्याच वेळी मी पीस बुडवून घेतलं तर त्यांनी मनगट धरलं. "मेल्ल, मेल्ल! हळू! रीळ आहे हें, भजी नव्हेत." मग थेंब पडला की "पोदुम". पुरे. तो शब्द त्या असा म्हणायच्या की पुढचा थेंब पिसावरच थांबायचा.

घरातली बाकीची भांडी चिंच आणि राख लावून तोंड दिसेल अशी घासलेली असत. रिळाला मात्र चिंच वर्ज्य. चकाकलं तर मासे बुजतात, असं मामंजींचं म्हणणं, म्हणून ते गुळाच्या ढेपेच्या रंगाचं झालं होतं आणि तसंच राहू दिलं जायचं. एवढी काळजी घेणाऱ्या आत्याबाई स्वतः मासा खात नसत. लहानपणी घशात काटा अडकला तेव्हापासून सोडलेला. नदीवरही त्या कधी मामंजींबरोबर गेल्या नव्हत्या. मी एकदा धीर करून विचारलं, "मग तुम्ही हे एवढं कशासाठी करता?"

त्यांनी पिसाचं टोक निरखत सांगितलं, "कचेरींतनं येतात तें माणूस निराळं, नदीवरनं येतात तें निराळं. मला दुसरं पाहिजे."

हे वाक्य मी नवी नवरी असताना ऐकलं आणि मनात लाजले. आज त्यातलं शहाणपण कळतं आणि आणखीच कौतुक वाटतं.

आमच्या देवघरात एक तलवार आहे. मराठ्यांचं राज्य होतं तेव्हाची. राज्य खालसा झालं, मानमरातब गेले, तलवार राहिली. वर्षातून एकदा खंडेनवमीला ती म्यानातून निघते. निघते म्हणजे अर्धीच. पुढे गंजानं धरलेली आहे. तिच्या शेजारी मामंजी आपल्या रेषा मारायच्या लेखण्या मांडत आणि मोठ्या मानानं रीळही मांडत. हत्यार म्हटलं की पूजा आली. गंध, हळदकुंकू, अक्षता सगळं रिळावर पडायचं. एका वर्षी त्यातली एक अक्षता आत शिरली आणि दातेरी चाकात जाऊन बसली. मामंजी ऐन पाण्याच्या दिवसांत वेण्णारवर गेले, मोठा मासा लागला, रीळ अडलं, आणि मासा दोरीसकट गेला. ते रिकाम्या हातानं आले तेव्हा आत्याबाईंनी रीळ उघडून तो हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला होता म्हणे. तेव्हापासून खंडेनवमीला त्या रीळ रेशमी खणात गुंडाळून मांडू लागल्या. पूजा खणाची व्हायची, रीळ आत सोवळ्यात राहायचं.

ज्या उन्हाळ्याची ही सगळी आठवण, त्याच्या आधीच्या मार्गळीत मामंजी आंघोळीला बसले आणि त्यांची उजवी बाजू गेली. हळूहळू जीभ वळू लागली, काठी घेऊन चार पावलं चालू लागले, पण उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबायचा. कचेरी सुटली. त्याचं त्यांना फारसं वाटलं नसावं. ओसरीवर बाजेवर पडून असत आणि वडवारच्या दिशेला पाठ करत. नदी आटली, उन्हाळा चढला, आणि नेमाप्रमाणे आत्याबाईंनी धोतर अंथरलं, पट काढला, रीळ आणलं.

बाजेवरून मामंजी जड जिभेनं म्हणाले, "तें आतां... तरवारीजवळ ठेवा."

आत्याबाईंचा हात थांबला. त्या रीळ उचलून आत गेल्या, देवघरात तलवारीशेजारी ठेवून आल्या, पट बाजूला सारला. त्या दिवशी घरात कोणाला जेवण गेलं नाही. आमचे हे तर ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर रीळ परत ओसरीवर. मी म्हटलं, "अहो आत्याबाई, मामंजींनी काल..."

"ठेविलें की काल. आज काढिलें." आणि मग आवाज खाली आणून, बाजेकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, त्या तरवारीला कोणी मोडलं नाहीं. नुसती ठेवून दिली. मी यांना ठेवून देणार नाहीं."

त्यांचे डोळे कोरडे होते आणि हात घासलेटात. त्या बाईची मला त्या क्षणी भीती वाटली, आणि तिच्यावर माझं प्रेम बसलं तेही तेव्हाच.

त्यांनी ठरवलं होतं ते असं: उजवा हात नाही, तर रीळ डाव्या हाताचं करायचं. ऐकायला सोपं. त्यांनी ते काठीवर उलटं बसवलं, मूठ डावीकडे आली. दोरीचं टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि मला अंगणात पिटाळलं. मी मासा झाले. "पळ!" म्हणाल्या की मी तुळशीला वळसा घालून विहिरीकडे पळायची, "दम!" म्हणाल्या की दमायची. दमायला मला सांगावं लागत नव्हतं. आणि स्वतः आत्याबाई? त्यांनी उजवा हात पदरात घट्ट खोचून टाकला होता. मामंजींना जेवढं येईल तेवढंच आपल्यालाही यावं म्हणून. एका डाव्या हातानं मूठ फिरवताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

पहिल्याच दिवशी घोटाळा कळला. रीळ उलटं झालं तसं सगळंच उलटं झालं होतं. मासा पळाला की दोरी भसाभस सुटायची आणि ओढून घेताना खटका अडायचा. धडधाकट माणसाचा हात भरून येईल, तिथे मामंजींच्या डाव्या हाताचा काय निभाव? आत्याबाईंनी रीळ सोडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा सोडलं. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. शेजारणी कुंपणावरून बघत आणि या मराठ्यांचं डोकं फिरलं असं एकमेकींना सांगत. मला वाटायचं, आता या चिडतील. त्या चिडत नसत. खटका तळहातावर घेऊन बघत बसत. त्याची एक कड उभी होती, दुसरी उतरती. वर्षानुवर्षं त्यांनी तो पुसला होता, तेल लावलं होतं आणि होता तसा परत बसवला होता. एका दुपारी त्यांनी तो नुसता पालथा केला, कमान दुसऱ्या अंगानं लावली आणि झाकण घातलं.

"पळ."

मी पळाले, आणि मागून करकर असा भरघोस आवाज आला. दोरी जड जात होती. मी दमले, दोरी हलकी आत आली. मी अंगणातच टाळ्या पिटल्या. पण दोनचार फेऱ्यांत दोरी रिळाच्या वरच्या दांड्याला घासून अडकायला लागली. आत्याबाई खाली वाकून बघतात, सोडवतात, पुन्हा अडकते. काही केल्या कळेना.

"खालून," बाजेवरून आवाज आला.

आम्ही दोघी दचकलो. मामंजींचे डोळे मिटलेलेच होते. झोपले आहेत असं आम्ही रोज समजत होतो.

"दोरी उलटी गुंडाळली आहे. खालून... सुटायला पाहिजे."

आत्याबाईंनी काठी हातात घेतली आणि बाजेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "कळतंय तर उठा. धरून दाखवा. ही पोर किती पळणार?"

मामंजींनी डोळे उघडले. रागानंच उघडले असं मला वाटलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला.

काठी धरायची कशी हा प्रश्न होताच. एक हात मुठीवर गेला की काठीला हात उरत नाही. आत्याबाई देवघरात गेल्या आणि तलवारीचा कमरपट्टा घेऊन आल्या. जाड कातड्याचा, म्यान अडकवायचा कप्पा असलेला. आमच्या यांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खापरपणजोबांच्या कमरेचा तो पट्टा. आत्याबाईंनी खोबरेल चोळून कातडं मऊ केलं, कप्प्याचा तळ शिवून घेतला, मामंजींच्या कमरेला तो बांधला आणि काठीचा बुडखा त्यात रोवला. वरून उजवा लुळा हात काठीवर टेकवला, ओझं म्हणून. मामंजींनी खाली पट्ट्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. वाकडं हसले, पण हसले.

"लढाईला... पाठवतां काय?"

"नदीला," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर पाणी येईपर्यंत मी रोज मासा होते. कधी हे कचेरीतून लवकर आले तर तेही होत, पण ते फार जोरात ओढायचे आणि आत्याबाई ओरडायच्या. मामंजी अंगणात खुर्चीवर बसून डाव्या हातानं मूठ फिरवत. सुरुवातीला दोरी ढिली पडायची, बोटं मुठीवरून घसरायची, वैतागून काठी आपटायचे. मग जमायला लागलं. मला अजून वाटतं, औषधापेक्षा त्या करकरीनं त्यांना जास्त उठवलं.

पाणी आलं. पहिले दिवस गढूळ गेले, मग निवळलं. आडी महिन्यातल्या, आपल्या आषाढातल्या, एका सकाळी मामंजी काठी टेकत निघाले, गळाची काठी यांच्या खांद्यावर, मागून मी, आणि माझ्याबरोबर आत्याबाई. इतक्या वर्षांत कधी न गेलेल्या आत्याबाई! कनवटीला तेलाची कुपी, अंबाड्यात कोंबडीचं पीस खोचलेलं. हे म्हणाले, "आई, तूं कशास?"

"खटका मी फिरविलें. अडकला तर कोण उघडणार? तूं?"

वडवारच्या पायरीवर मामंजी बसले. यांनी गळ लावून दिला, दोरी लांब टाकून दिली. आम्ही वर पिंपळाच्या पाराजवळ थांबलो. बराच वेळ काहीच झालं नाही. पाण्यावर बायकांनी सोडलेली फुलं वाहत होती. मामंजी ताठ बसून होते आणि आत्याबाई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.  आज काही लागलंच नाही तर हा माणूस पुन्हा नदीवर येईल का, एवढंच माझ्या मनात येत होतं.

आणि रीळ ओरडलं. आमच्या अंगणात मी पळताना ओरडायचं तसं नव्हे. कितीतरी मोठ्यानं, कितीतरी भरभर. मामंजींचा डावा हात मुठीवर आधी घाईनं गेला, मग थांबला. माशाला जाऊ दिलं. मग ओढलं. पुन्हा जाऊ दिलं. यांनी मदतीला पाऊल उचललं तर आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं, अगदी माझं धरायच्या तसं. शेवटी पायरीशी एक केंडै मासा फडफडत आला, हातभरही नसेल. मामंजी त्याच्याकडे बघून रडत होते. रडताना त्यांचं तोंड आणखी वाकडं व्हायचं. ते लपवायला त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता.

आत्याबाई खाली उतरल्या. माशाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. वाकून रिळावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. वर्षानुवर्षं हा आवाज त्यांनी आपल्या हातानं काढून बघितला होता. पाण्याच्या हातून निघालेला त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"अडकलं नाहीं," त्या म्हणाल्या आणि पदरानं आधी रीळ पुसलं, मग मामंजींचं तोंड.

मामंजी त्यानंतर पुष्कळ पाणी बघून गेले. आत्याबाई त्यांच्यामागून गेल्या. पल्लांकुळी, पीस, बाटली माझ्याकडे आली. मामंजी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी रीळ उघडून खटका तळहातावर घेतला आणि यांना विचारलं, "परत उजवीकडे फिरवू का?" यांचे दोन्ही हात धड, आणि हे उजवे. यांनी खटक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहूं दे. मी शिकतों." पहिल्या वर्षी यांचे कितीतरी मासे सुटले. मित्र हसायचे. यांनी कोणाला कारण सांगितलं नाही, मीही नाही.

आज शेवटचा स्क्रू बसवला तेव्हा पल्लांकुळीचा पहिला खळगा रिकामा झाला. लढाईमुळे यंत्राचं तेल मिळत नाही, मागच्या वर्षीचं तळाशी होतं ते पुरवलं. एक थेंब, आणि मीच मला म्हटलं, "पोदुम". तलवार देवघरात आहे, पट्ट्याविना. पाणी दोनचार दिवसांत वडवारला पोचेल. हे कचेरीतून आल्यावर मी यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. दोरीचं टोक यांच्या मनगटाला बांधलं, अंगणात उभं केलं, माझा उजवा हात पदरात घट्ट खोचला आणि म्हटलं, "पळा."